नववा बार

९ जानेवारी
दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रातून, जहाजावरून

पुंजाकाका,

नमस्कार. हे पत्र हरिओमच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून तुमच्या हातात पडलं की त्याला एक चहा पाजा. तुम्ही फोनवर बोलत नाही म्हणून त्या बिचाऱ्याला पोस्टमन व्हावं लागलंय. तुमच्या उत्तराचा फोटो काढून तोच मला पाठवील. मागच्या रविवारी मी इथून फोन लावला आणि विचारलं, काका, खांदा कसा आहे? तुम्ही म्हणालात, "बरंय, थंडी लई हाय," आणि फोन प्रीतीच्या हातात दिलात. हे कुठलं उत्तर झालं? प्रीती म्हणाली, बाबांचं आजकाल लक्षच नसतं. माझ्यावर रागावलाय का तुम्ही? मी लग्न न करता समुद्रावर निघून आले म्हणून आमच्या जुन्या जालन्यातली अर्धी गल्ली रागावलीय, त्यात तुमची भर नको.

मी इथे काय करते ते तुम्हाला एका वाक्यात कळेल, बाबांना मात्र तीन वर्षं झाली तरी कळत नाही. आमच्या अंबडच्या शेतातली जुनी विहीर तुम्ही खोल केलीत तेव्हा मी नऊ वर्षांची होते. प्रीती आणि मी लांब बांधावर बसून तुमचे सुरुंगाचे बार मोजायचो. खालचे मोठे बार उडवायच्या आधी तुम्ही काठावर एक लहानसा बार उडवायचात, इशाऱ्याचा. मग एक विडी संपेपर्यंत थांबायचात. तेवढ्यात कपारीतले पारवे उडून जायचे, सापसुद्धा बाहेर पडायचा, आणि मग तुम्ही वाती पेटवायला उतरायचात.

माझी नोकरी म्हणजे तो इशाऱ्याचा बार. आमचं जहाज पाण्यात चोवीस तोफा ओढत नेतं. त्यात दारू नसते, कोंडलेली हवा असते, पण धमाका तुमच्या बारापेक्षा मोठा. दर दहा सेकंदाला एक, दिवसचे दिवस. तो आवाज समुद्राच्या तळाखाली जाऊन परत येतो आणि त्यावरून शास्त्रज्ञ खालच्या थरांचे नकाशे काढतात. मी दुर्बीण घेऊन उभी राहते. पाचशे मीटरच्या आत देवमासा किंवा सील दिसला तर तोफा बंद. कुणी नसेल तर आधी एक लहान तोफ, मग दुसरी, अशा वीस मिनिटं वाढवत न्यायच्या, म्हणजे ज्याला ऐकू येतं तो निघून जातो.

परवा सगळे निघून गेले, एक मादी तेवढी राहिली. तिच्याबरोबर या वर्षीचं पिल्लू आहे. देवमाशांच्या शेपटीवरच्या खुणांवरून त्यांची ओळख ठेवतात. हिचा पहिला फोटो माझ्या जन्माच्या वर्षीचा निघाला. मी तिला माय म्हणते. आठशे मीटरवर, चोवीसच्या चोवीस तोफा उडत असताना ती आरामात खात होती. मी वहीत लिहिलं, "जनावर शांत." काम चालू राहिलं. इतकं धीराचं जनावर मी पाहिलं नाही.

खांद्याचं खरं लिहा.

तुमची,
अंतरा

२० जानेवारी
अंकुशनगर

बाई अंतरा,

तुला आणि त्या मायला पुंजारामचा आशीर्वाद. हरिओमला चहा पाजला. तो दोन प्याला.

तुझ्यावर कशाला रागावू. फोनवर मला बोलायचं सुचत नाही, एवढंच आहे. कागदावर माणूस थांबून बोलू शकतो. खांदा आता वर होतो. कारखान्याचं गाळप जोरात आहे आणि रस्त्याला ऊस भरलेले ट्रॅक्टर एकामागे एक लागलेत. त्यातल्या एकानं हॉर्न न वाजवता मागून धक्का दिला. मी पडलो तिथून उठलो आणि त्या ड्रायव्हरला खाली ओढून असा धुतला की त्याचा एक दात माझ्या बोटात रुतला. लोकांनी सोडवलं. या वयात एवढा राग बरा नाही असं प्रीती म्हणाली. मी म्हटलं, हॉर्न कशाला दिलाय मग गाडीला.

तुझा धंदा मला बराबर कळला. पण तुझ्या साहेबांना एक विचार, ते बार मोजतात का? आमच्याकडे जितके होल दारूनं भरले तितके आवाज कानावर आले पाहिजेत. एक जरी कमी आला तर दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीत पाय ठेवायचा नाही. न उडालेला बार दगडात बसून असतो. पहार लागली की उठतो. माझ्या उस्तादांनी सहा भरून पाच मोजले आणि त्यांना वाटलं की दोन एकदम उडाले असतील. त्यांचा पाय आम्हाला बोरीच्या झाडावर सापडला, चप्पल तशीच पायात. बाकीचे उस्ताद आम्ही घमेल्यातून वर काढले. त्या दिवसापासून मी मोजणीत कुणाचं ऐकत नाही.

प्रीतीचा नवरा बद्रीनाथ आता माझ्या हाताखाली आहे. होल मारायला त्याच्यासारखा माणूस अंबड तालुक्यात नाही. जावई असून कुरकुर नाही. मी बोट दाखवलं की उतरतो आणि चार लोकांत मला खोटं पाडत नाही.

आता तुझ्या मायचं. बाई, चाळीस वर्षांत मी पारव्यांची लई घरटी पाहिली. इशारा झाला की पारवा उडतो. जो उडत नाही त्याला शांत म्हणायची घाई करायची नसते. तू आईकडे पाहिलंस. पिल्लू काय करत होतं, ते लिही.

पुंजाराम

४ फेब्रुवारी
जहाजावरून

काका,

तुमचं पत्र आल्यावर मी दुर्बीण आईवरून काढली आणि पिल्लावर धरली. दर दहा सेकंदाला त्याचं सगळं अंग आकसायचं. ते लांब पळायचं, थांबायचं, परत आईकडे यायचं, तिच्या गालाला ढुशा द्यायचं आणि पुन्हा पळायचं. चल म्हणत होतं. ती हलत नव्हती. तिला सोडून ते जाणार कुठे? सहा-सात महिन्यांचं पोर ते, अजून दूध पीत होतं.

तीन दिवस मी हे पाहिलं आणि वहीत तीन वेळा "शांत" लिहिलं. आईबद्दल लिहिलं, कारण वहीत पिल्लासाठी वेगळा रकाना नाही.

चौथ्या दिवशी ओर्का आले. काळे-पांढरे, कळपाने शिकार करतात. सात होते. एरवी देवमाशाच्या मादीला यांची चाहूल लांबूनच लागते. पाण्यातला बारीकसा बदल, एखादा श्वास, एवढ्यावर ती पिल्लाला पाठीवर घेते आणि त्यांना शेपटीने आडवं करते. मायला काहीच कळलं नाही. पहिला ओर्का पिल्लाच्या शेपटीला लटकला तेव्हा ती दुसरीकडे तोंड करून खात होती. दोघांनी त्याला खाली दाबलं, श्वास घ्यायला वर येऊ देईनात. एकाने जबडा धरून फाडला. आधी जीभ खातात, काका. जिवंतपणी. पाणी लाल झालं, मग तपकिरी, आणि वर चरबीचा तवंग आला. पक्षी त्यावर तुटून पडले.

पिल्लू ओरडलं असणार. आम्ही पाण्यात माइक सोडलेला असतो, मी कानाला लावून होते. तोफांशिवाय काही ऐकू आलं नाही.

मायला कधी कळलं माहीत नाही. एकदम वळली आणि एका ओर्काला शेपटीचा असा तडाखा दिला की तो पाण्याबाहेर उलटा पडला आणि पुन्हा पोहताना वाकडाच पोहला. दुसऱ्याला तिने खाली चिरडलं. पण तोवर पिल्लाचं अर्धं धड राहिलं होतं. ते धड ती दोन दिवस डोक्याने वर ढकलत राहिली, श्वास घ्यावा म्हणून.

आम्ही तोफा थांबवल्या का? नाही. सगळं पाचशे मीटरच्या बाहेर घडलं, म्हणून नियमाने सगळं बराबर. मी वहीत लिहिलं, "नैसर्गिक शिकार." हे मी एका दमात लिहिलं, हे मला जास्त लागलंय. आमचे प्रमुख म्हणाले, ओर्का काय आपण आणले? मी वही मिटून डेकवर गेले.

ती का हलली नाही, काका? तुम्हाला काहीतरी माहीत आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

अंतरा

१२ फेब्रुवारी

बाई अंतरा,

हे पत्र वाचून झालं की जपून ठेव किंवा पुसून टाक, पण कुणाला दाखवू नको. फोटो निघाला की कागद मी चुलीत घालणार आहे. हरिओमच्या वाचण्यात येईल ही भीती नाही, त्याला लग्नपत्रिकासुद्धा वाचायचा कंटाळा आहे.

तुझी माय बहिरी आहे. हे मी पुस्तकात वाचलं नाही. मी बहिरा आहे.

चार वर्षं होत आली. आधी कानात रातकिडे बसले. वाटलं, जातील. मग एक दिवस रातकिडेही गेले आणि मागे काहीच राहिलं नाही. समोरच्याचे ओठ पाहून मी अंदाजानं बोलतो. फोनला ओठ नसतात. तू काय विचारलंस ते मला तुझ्या पत्रावरून कळलं. हिवाळ्यात माणसं थंडीचं विचारतात, म्हणून थंडी म्हणालो.

त्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला होता. लोक नंतर सांगत होते, इतका वाजवला की बैल बिथरले. मी त्याचा दात पाडला. तो तोंड धरून रडत काहीतरी म्हणत होता आणि मला वाटलं, माफी मागतोय.

ऐकू न येणारा माणूस दचकत नाही, वळत नाही. मंग लोक म्हणतात, पुंजाराम किती शांत झाला. जांबला समर्थांच्या देवळात मी डोळे मिटून बसलो होतो. कुणी पोरं घंटा बडवत होती म्हणे. माझं ध्यान मोडलं नाही म्हणून शेजारची उषाबाई माझ्या पाया पडली. मी आशीर्वादही देऊन टाकला. तू तुझ्या मायच्या पाया पडलीस, तोच प्रकार. ती तुझ्या जन्माच्या आधीपासून समुद्रात आहे आणि जहाजं काय आज आली का? तिचे रातकिडे कधी बसले आणि कधी गेले ते तुझ्या वहीत नसणार.

तू विचारशील, मग बार कसे मोजतो. चप्पल काढून उभा राहतो. एक हात यारीच्या खांबावर. दगड वर ओढायच्या त्या यारीचा खांब जमिनीत गाडलेला असतो, तो बराबर सांगतो. आवाज तळव्यातून येतो, गुडघ्यापर्यंत चढतो. चार वर्षांत एकदाही चुकलो नाही.

प्रीतीला सांगू नको. तिला कळलं की बद्रीनाथला कळेल, आणि मग मला काठावर कोण उभं करील? घरात बसलो तर मी दोन महिन्यांत मरेन. हा एक उन्हाळा जाऊ दे. मालनबाईची विहीर शेवटची.

तुला सांगायचं कारण एवढंच की तुझी माय अजून तिथंच असेल, आणि तू अजून शांत लिहीत असशील.

पुंजाराम

२१ फेब्रुवारी
जहाजावरून

काका,

तुमचं पत्र मी पाच वेळा वाचलं आणि मग वर जाऊन वहीतले चारही "शांत" खोडले. त्यावर लिहिलं, "आवाजाला प्रतिसाद नाही, ऐकू येत नसावं." सिद्ध करता येणार नाही. देवमाशाचे कान कोण तपासणार?

ती होतीच तिथे. या वेळी जहाजाच्या वाटेवरच. सातशे मीटर, मग सहाशे. इशारा कितीही दिला तरी ती हटणार नव्हती, हे आता मला माहीत होतं. सहाशे असतानाच मी तोफा बंद करायचा हुकूम दिला. प्रमुख म्हणाले, अजून शंभर मीटर आहेत. मी म्हटलं, मोजत बसा. तोफांच्या खोलीतला माणूस बंद करायच्या बटणावरून हात काढेना. मी त्याच्या हातावर दुर्बीण आपटली, अशी की त्याचं बोट मोडलं. त्याने मला ढकललं. दाराच्या लोखंडी कडेवर कपाळ आपटून रक्त डोळ्यांत गेलं. मी आंधळ्यासारखं चाचपत बटण दाबलं. सहा टाके पडलेत. आईला सांगू नका, ती जालन्याहून पोहत येईल.

तोफा नऊ तास बंद होत्या. मी माइक कानाला लावला. आधी नुसता बर्फ करकरत होता. मग ती बोलली. खोल, लांब, मध्येच तुटणारा आवाज. पिल्लाला हाक मारतात तसा. स्वतःला तरी ऐकू येत होता का तिला, कोण जाणे. मी डेकवर बसून भोकाड पसरून रडले.

शेवटी त्यांनी मोजणीची रेघ पन्नास किलोमीटर बाजूला नेली. मला कामावरून काढलंय. जहाज मार्चअखेर बंदराला लागेल तेव्हा उतरवतील. तोवर बटाटे सोलते. माय जिवंत आहे ती तुमच्या पत्रामुळे.

तुमच्या कानांचं गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे. दोनदा प्रीतीला लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. तुम्ही एवढा विश्वास टाकलात, त्यावर मी चुगली कशी करू? पण माझी अट आहे. मालनबाईच्या विहिरीवर मोजायचं काम बद्रीनाथचं. तुमचे तळवे नकोत, त्याचे कान हवेत. कबूल असेल तर मी गप्प.

अंतरा

१ मार्च
अंकुशनगर

बाई अंतरा,

वाघीण आहेस. त्या ढकलणाऱ्याला एकदा आमच्या शिवारात पाठवून दे, त्याची बाकीची बोटं मी बघतो. टाक्यांवर हळद लाव, तिथे मिळत असेल तर.

तुझी अट कबूल. बद्रीनाथला सांगितलं की यापुढे तूही मोजत जा. का ते नाही सांगितलं. तो हसून म्हणाला, "मामा, तुमच्या कानापुढं माझा काय पाड?" मी म्हटलं, शिकून घे, मी काय जन्मभर पुरणार आहे का. तर आता दोघंही मोजतो. तो तोंडानं पुटपुटतो, मी बोटांवर धरतो. समोर उभा राहिला की ओठ दिसतात.

मालनबाईच्या विहिरीला काळा पाषाण लागलाय. पुढच्या रविवारी नऊ होल भरायचे. कपारीत पारव्यांची दोन घरटी आहेत, म्हणून इशाऱ्याचा बार उडवून दोन विड्या थांबणार आहे. तुझ्या मायच्या नावानं एक विडी जास्त.

तू आलीस की पुरणपोळी खायला ये. मी फोन घेणार नाही, हे आता तुला माहीतच आहे.

पुंजाराम

३० मार्च
अंकुशनगर

अंतरा,

मी प्रीती. बद्रीनाथ मेला त्याला आज एकविसावा दिवस.

मालनबाई तिथंच होत्या. त्यांनी सांगितलं ते तसंच लिहिते, म्हणजे तुला कळेल. नऊ होल भरले होते. इशारा झाला, पारवे उडाले. वाती पेटवून दोघं वर आले. बाबा चप्पल काढून खांबाला हात लावून उभे राह्यले, विहिरीकडं तोंड करून. बद्रीनाथ त्यांच्या मागं उभा होता, कारण काठावर दोघांपुरती जागा नव्हती. एकामागं एक आठ बार उडाले. मग कडेचा एक धोंडा सुटला आणि तळात आदळला. जमीन हादरली. बाबांनी नऊ बोटं वर केली.

बद्रीनाथ म्हणाला, "मामा, मला आठच वाटले."

बाबा वळले नाहीत. तो जरा जवळ जाऊन पुन्हा म्हणाला, "मामा, आठच झाले न्हाई का?" बाबांनी विडी पेटवली. तेव्हा तो मालनबाईंकडं पाहून हसला आणि म्हणाला, "चिडले वाटतं. जाऊ द्या, त्यांचा कान चाळीस वर्षांचा हाय." धूर गेल्यावर तो उतरला. पहिल्याच पहारीला नववा उडाला.

मला त्याचं तोंड दाखवत नव्हते. मी एकाच्या हाताला चावून पुढं गेले. तोंड नव्हतंच. कमरेच्या करदोट्यावरून ओळखला, मीच बांधला होता. उजवा हात दोन दिवसांनी पाणी उपसल्यावर मिळाला. पहार अजून मुठीत होती आणि मूठ उघडत नव्हती. त्याच्या भावांनी होल मारायचा कॉम्प्रेसर पेटवून दिला आणि बाबांना काठ्यांनी मारलं, डाव्या हाताची बोटं ठेचली. बाबांनी हात वर केला नाही. पंचनाम्यात आलं की मयतानं मोजणी केली नाही, स्वतःच्या निष्काळजीपणानं गेला. तो कागद वाचून दाखवला तेव्हा बाबा समोर बसून होते. लोक म्हणाले, धक्क्यानं शांत झालेत.

काल त्यांच्या पेटीत तुझी छापलेली पत्रं सापडली. सगळी वाचली. मायचं वाचलं, पिल्लाचं वाचलं. मग वाचलं, "तुमच्या कानांचं गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे."

बाबा अंगणात पाठमोरे बसले होते. मी दारातून हाक मारली, बाबा. मग ओरडले. मग जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले, शेजारची उषाबाई धावत आली. बाबा समोर चिमण्यांकडं पाहत होते. मी या माणसाला रोज ताट वाढलं आणि मला कळलं नाही, हा राग आधी माझ्यावर आला. मग मी दगड उचलला आणि मारला. त्यांच्या पाठीत बसला. तेव्हा वळले.

माझ्या हातातली पत्रं पाहिली. वाकून तोच दगड उचलला आणि माझ्या हातात परत दिला.

मी पुन्हा नाही मारला. पण तो दगड टाकूनही दिला नाही.

अंतरा, बद्रीनाथला नुसतं ठाऊक असतं की मामांना ऐकू येत नाही, तर तो खांद्याला धरून त्यांना वळवता. त्यांच्या तोंडापुढं आठ बोटं धरता. त्याला वाटलं, सासरा चिडलाय. चार लोकांत कशाला बोलायचं. तू त्या मादीसाठी एका माणसाचं बोट मोडलंस. माझ्यासाठी दोन ओळी लिहून पुसून टाकल्यास.

बाबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र फोटोत तुझ्याकडं आहे. ते पाठव. मी बाबांना घेऊन ठाण्यात जाणार आहे, ते यायला तयार आहेत. मला त्या कागदावरून निष्काळजीपणा हा शब्द काढायचाय. त्यानं मोजले होते. बराबर आठ मोजले होते.

तू हाताला लागत नाहीस, म्हणून हे लिहिलं.

प्रीती

२ एप्रिल
बंदरातून

प्रीती,

काकांच्या पत्राचा फोटो सोबत पाठवते आहे, दोन्ही पानांचा. माझं २१ फेब्रुवारीचं पत्र तुझ्याकडे आहेच, तेही ठाण्यात दे. मला आधी माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. काकांचं पत्र वाचलं तेव्हापासून, अठरा दिवस आधी माहीत होतं. मोजून अठरा.

मला त्या गुपिताचा अभिमान वाटत होता. एवढा मोठा माणूस मला एकटीला खरं सांगतो, याचा. तुला लिहिलेलं पुसून टाकलं ते काकांसाठी नव्हतं, त्या अभिमानासाठी होतं. याला माफी मागता येत नाही, म्हणून मागत नाही.

विमान सात तारखेचं आहे. नऊ तारखेला जालन्याला उतरून घरी न जाता सरळ अंकुशनगरला येते. फोन करणार नाही. अंगणात तुझ्या समोरून येईन आणि हाताला लागेन इतकी जवळ उभी राहीन.

दगड टाकून देऊ नकोस.

अंतरा